डिपटीची खुराकी

सकाळचे साडेदहा. वाशीमच्या तहसील कचेरीसमोरचा निंब. निंबाखाली एक बैल, एक चपराशी आणि चंद्रभान.

किस्से गोळा करायला मला कधी कुठे जावं लागलं नाही. कचेरीसमोर करीमभाईचं चहाचं दुकान, दुकानापुढे बाकडं आणि बाकड्यावर मी. सरकार शेतकऱ्याला मदत करायला निघालं की किस्सा आपल्या पायाने चालत येतो आणि शेजारी बसतो. आता लढाईच्या दिवसांत ‘धान्य पिकवा’ म्हणून नव्या मदतीचे ढोल वाजतायत, त्यामुळे बाकड्यावर बसायला जागा उरलेली नाही. त्या गर्दीतून आधी हा जुना बैल बाहेर काढतो.

हे सगळं मी तेव्हाच आमच्या साप्ताहिकात छापलं होतं. दात-ओठ खाऊन लिहिलं होतं! संपादकांचं उत्तर आलं, "तुमचा विनोदी लेख वाचकांना फार आवडला."

विनोदी!

तर, योजना अशी होती. शेतकी खातं गावाला एक जातिवंत वळू देणार. गावातल्या गाई त्याच्याकडे फुकट न्यायच्या, म्हणजे वासरं दणकट होतील. वळू सांभाळणाऱ्याला दर महिन्याला खुराकीची रक्कम मिळणार. अट एकच. गावाने वळू स्वीकारला आहे, असा पाटलाचा दाखला पोळ्यापर्यंत हवा. दाखला नसेल तर खुराकी बंद आणि वळू परत.

वळू मिळाला अनसिंगच्या पलीकडच्या एका गावाला. गावाचं नाव सांगत नाही, तिथे माझी सासुरवाडी आहे. सांभाळायला घेतला चंद्रभानने. त्याच्याकडे थोडं रान होतं आणि दोन गाई. बैल नव्हते. त्याच्या बापाकडेही नव्हते. वखर हाकायचा तर दुसऱ्याची जोडी मागून आणायची आणि पोळ्याच्या दिवशी गावच्या जोड्या वेशीतल्या तोरणाखालून जायच्या तेव्हा बाजूला हात बांधून उभं राहायचं.

"गुरुजी," तो मला म्हणाला. कॉलेजात गेलेल्या सगळ्यांना तो गुरुजीच म्हणे. "या वळूचे दोन गोऱ्हे झाले ना माह्या गाईले, का माही जोडी झाली. मंग मीबी जाईन तोरणाखालून."

एवढंच त्याला हवं होतं. बाकी सगळं सरकारला हवं होतं.

*

वळू न्यायच्या वेळी चपराशाने अटी वाचून दाखवल्या. सरकारी मालमत्तेला काठी लावता येणार नाही, शेपूट पिळता येणार नाही, दोरीला हिसका देता येणार नाही.

"मंग चालवू कसा?" चंद्रभान म्हणाला.

"समजावून," चपराशी म्हणाला.

चंद्रभान समजावत निघाला. वाटेतल्या प्रत्येक रानात वळू शिरला, जे दिसेल ते खाल्लं, मन भरल्यावर पुढे निघाला. धुऱ्याधुऱ्यावरून माणसं काठ्या घेऊन धावत यायची. चंद्रभान लांबूनच ओरडायचा, "मारू नका बा! सरकारी हाय!"

की काठ्या खाली. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले आणि विचारलं, "आनखी काई घेते काय साहेब?"

*

अशा रुबाबाने आलेल्या जनावराला गावाने नाव ठेवलं ‘डिपटी’. जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर दौऱ्यावर यायचे तेही असेच, हळूहळू, सगळं खात.

शेतकी खात्याचे ओव्हरसियर गोडबोले साहेब तपासणीला आले. पुण्याकडचे गृहस्थ, डोक्यावर सोला हॅट, डोळा बढतीवर. नाव ऐकून ते पांढरे पडले.

"अहो, हे नाव चालणार नाही! वरिष्ठांचा अपमान आहे हा!"

"मंग तहसीलदार म्हणू काय?" चंद्रभान म्हणाला.

"अजिबात नाही!"

"पटवारी?"

गावचा पटवारी बाजूलाच उभा होता. तो खाकरला.

चंद्रभानने डोकं खाजवलं. "मंग आता खाली कोन उरलं? ओव्हरसियर म्हनतो."

गोडबोले साहेबांनी बराच वेळ वळूकडे पाहिलं. वळूनेही त्यांच्याकडे पाहिलं.

"डिपटीच असू द्या," साहेब म्हणाले.

*

योजनेत आणखी एक कलम होतं. एका गावात एकच वळू, आणि तो सरकारी. बाकीचे सगळे गावठी गोऱ्हे खच्ची करायचे. त्यासाठी अकोल्याहून ढोरांचे डॉक्टर यायचे. लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा, एक कंपाउंडर आणि तोंडाला कुलूप. डॉक्टरांना दोनच वाक्यं येत. "कुठाय?" आणि "झालं."

गावचे रुस्तुमराव पाटील म्हणजे भला मिशीवाला माणूस. त्यांचा एक तांबडा गोऱ्हा होता, पोरासारखा वाढवलेला. डॉक्टर आणि गोडबोले आल्याची खबर लागताच पाटलांनी गोऱ्हा चावडीतल्या कोठडीत घातला आणि बाहेरून कडी लावली.

"कुठाय?" डॉक्टर म्हणाले.

"अटकेत हाय," पाटील म्हणाले.

"अटकेत?" गोडबोले ओरडले. "गुन्हा काय?"

"माह्या कडब्याच्या गंजीत घुसला. फिर्यादी मी, साक्षीदार मी, पोलीस पाटीलबी मीच. कोठडीतल्या आरोपीले हात लावता येत नाई. कायदा हाय! लावाल त तुमच्यावर रिपोर्ट करीन."

गाव खूश! गोडबोले मान खाली घालून झाडाखाली बसले. पाटलांनी त्यांना पान दिलं, वर सुपारीही दिली. तासाभराने साहेब उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "पाटील, गुन्हा जामीनपात्र आहे ना?"

"हाय. काहून?"

"आरोपीला मी जामीन राहतो."

पाटलांचं पान घशातच राहिलं. आपणच काढलेला कायदा! कडी उघडावी लागली. गोऱ्हा बाहेर आला, दाराशी डॉक्टर उभे होते.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

पाटील गोऱ्ह्याच्या गळ्यात पडून म्हणाले, "जामीनदारानंच घात केला रे तुहा!" मग गोडबोल्यांकडे वळून, "साहेब, पोळ्याले दाखला लागते ना तुमाले? या मंग पोळ्याले."

साहेब हसले. चंद्रभान मात्र पोळ्याला किती दिवस उरले ते बोटांवर मोजू लागला. साहेबांनी भांडण केलं होतं, डिपटी जाणार होता त्याच्या गोठ्यातून.

*

सगळेच किस्से कडू नाहीत. नागपंचमीचा मला आवडतो.

नियम असा की वळू फक्त गावातल्या गाईंसाठी. परगावच्या गाईला फी. करीमभाई वाशीमचा आणि त्याची गाय चंद्रभानच्या गोठ्यात उभी! नेमके गोडबोले साहेब आले.

"ही गाय कोणाची?"

"मेरी," करीमभाई म्हणाला.

"मग ती इथे का?"

"पंचमीले आली साहेब. माहेरी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "गाईला माहेर?"

तोवर चंद्रभानची बायको गोदाबाई आतून आली. "असं कसं बोलता साहेब? याच गोठ्यात जल्मली ते. तीन सालाखाली करीमभाईले देली. देली म्हनजे सासरीच गेली नं? आता पंचमीले लेक माहेरी नाई येईन काय?"

"पन मी जबरदस्ती नाई केली," करीमभाई म्हणाला. "मी सासरचा मानूस. दोन रोज रायते म्हनली, मी म्हनलं, राह्य बाई. आमी मुसलमान असलो म्हनून काय झालं, गाईचा सन आमी बुडवत नाई!"

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. गाव, शेजारचं गाव, तालुका, सगळं होतं. माहेर नव्हतं. फी माफ झाली. जाताना गोदाबाईने गाईची ओटी भरली आणि साहेबांना कान्होले दिले. साहेबांनी ते खाल्ले. त्या दिवशी मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचं ठरवलं होतं.

पण श्रावण अजून संपला नव्हता.

*

वळूचं वजन वाढतंय की नाही ते पाहून खुराकी द्यायची, असा वरून हुकूम होता. गावात बैल मावेल असा काटा कुठला? तो फक्त वाशीमच्या जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, गाठी तोलायचा.

ज्येष्ठात पहिलं वजन झालं. डिपटी एकटा काट्यावर चढेना. चंद्रभान सोबत चढला तेव्हा चढला. म्हणून साहेबांनी तोड काढली. आधी दोघांना मिळून तोललं, मग एकट्या चंद्रभानला. दोघांतून एक वजा केला, राहिला तो बैल. शाळेतल्या पोरालाही कळेल.

श्रावण सरताना दुसरं वजन झालं. पुन्हा दोघे काट्यावर चढले. साहेब घाईत होते. चंद्रभानला पुन्हा एकट्याला कशाला तोलायचं? मोठा माणूस, त्याचं वजन काय वाढणार? ज्येष्ठातलाच आकडा वजा केला.

चंद्रभानने त्या वर्षी अख्खा श्रावण धरला होता. डिपटी आपल्याच दारी राहावा म्हणून. एक वेळ भगर, तीही मूठभर. गालफडं बसली होती, धोतर कमरेला राहत नव्हतं. साहेबांनी हिशेब केला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "वळू वाळला आहे. तुम्ही त्याला खायला घालत नाही. खुराकी अर्धी!"

चंद्रभान काट्यावरून उतरला. एकदा डिपटीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे.

"उपास म्या केला साहेब," तो म्हणाला, "अन् उपाशी याले ठेवता?"

मी तिथेच साहेबांशी भांडलो. आवाज जिनाच्या मालकापर्यंत गेला. साहेब म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत." मी म्हणालो, "आकडे नाही बोलत, साहेब! तुम्ही त्यांच्या वतीने बोलता!" माझा मुद्दा बिनतोड होता. खुराकी अर्धीच राहिली.

*

आणि पोळा आला.

दुपार कलली होती. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. गावच्या जोड्या रांगेत उभ्या होत्या. शिंगांना लाल हिंगूळ, कपाळाला बाशिंग, पाठीवर झुली. पहिला मान पाटलांच्या जोडीचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. एवढ्यात गोडबोले साहेब तहसीलदारांचा हुकूम फडकावत आले.

"सरकारी वळू सर्वांत पुढे जाईल! गावाने त्याला स्वीकारल्याची तीच खूण. मग पाटलांनी दाखला द्यायचा. नाही दिला, तर मी वळू आजच परत नेतो."

ढोल थांबले. चंद्रभान डिपटीला घेऊन मागे उभा होता. पोळ्याच्या दिवशी त्याच्या हातात दोर होता, आयुष्यात पहिल्यांदा. त्या दोराला त्याने असं धरलं होतं की हाताच्या शिरा दिसत होत्या.

मला वाटलं, आता डोकी फुटतात. पण पाटील शांतपणे मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सरकारचा मान हाय. जाऊ द्या पुढं."

साहेब फुलले.

"पन जोडीदार कुठी हाय?" पाटील म्हणाले.

"कसला जोडीदार?"

"तोरनाखालून जोडी जाते साहेब. एकटं जनावर गेलं त गावाले साल वाईट जाते. इचारा कोनालेबी."

साहेबांनी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या सासऱ्यांनी सर्वांत जोरात.

"मग कोणाचा तरी एक बैल द्या!"

कोणी देईना. डिपटी शेजारच्या बैलाला शिंग लावतो, हे गावभर माहीत होतं. चंद्रभान पुढे आला. "मी रायतो उभा याच्या बाजूनं."

"तू सरकारी हाय काय?" पाटील म्हणाले. "बैल सरकारचा, त जोडीदारबी सरकारचाच पाह्यजे." त्यांनी सावकाश सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली. माझ्यावर थांबली. "हे जावईबुवा त सरकारचे दुश्मन."

नजर पुढे सरकली आणि सोला हॅटवर जाऊन बसली.

"छे!" साहेब म्हणाले. "भलतंच!"

"नाई त नाई," पाटील म्हणाले. "न्या परत. मंग वर काय सांगान? दिलेला बैल गावानं घेतला नाई?"

साहेबांनी सूर्याकडे पाहिलं. बढतीकडे पाहिलं. चंद्रभान नुसते हात जोडून उभा राहिला. साहेबांनी कोटाची बटणं लावली आणि डिपटीच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले.

गावाने कसर ठेवली नाही! पाटलांनी स्वतःच्या हाताने हॅटवर बाशिंग बांधलं. कोणीतरी खांद्यावर झूल टाकली. शिंगं नव्हती म्हणून हॅटच्या काठाला हिंगूळ फासला. गोदाबाई आरती घेऊन आली, आधी डिपटीला ओवाळलं, मग साहेबांना. एक पुरणाची पोळी डिपटीच्या तोंडात, एक साहेबांच्या.

"चाव बाबा, लाजू नको," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

आमच्याकडे पोळ्याला झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी गाणी, म्हणतात. एका म्हाताऱ्याने तिथल्या तिथे रचून ललकारी दिली:

"एक बैल शिंगवाला, एक बैल टोपीवाला,
दोघंबी सरकारचे, खाते कोन जादा बोला!
हर हर महादेव!"

ढोल वाजले. जोडी तोरणाखालून गेली. डिपटी एरवी कोणाला शेजारी उभा राहू देत नसे. त्या दिवशी त्याने साहेबांना चाटलं. मागून दोर धरून चंद्रभान चालला होता. ताठ. मी आजवर लग्नातले नवरदेव पुष्कळ पाहिलेत, पण असा चेहरा नाही.

*

दाखला लिहायला पाटील चावडीत बसले. साहेब दाराशी उभे राहून रुमालाने हिंगूळ पुसत होते. तो निघत नव्हता.

"लिहा पाटील, सरकारी वळू मानाने तोरणाखालून गेला."

"एकटा गेला असं लिहिलं त खोटं होईन," पाटील म्हणाले. "म्या जल्मात खोटा दाखला देला नाई. सरकारची जोडी गेली, असं लिहितो."

"जे लिहायचं ते लिहा, पण लवकर!"

पाटलांनी लिहिलं. सरकारची जोडी तोरणाखालून मानाने गेली, गावाने दोन्ही स्वीकारले. साहेबांनी न वाचता सही ठोकली, कागद खिशात घातला आणि बैलांच्या दमणीत बसून अंधार पडायच्या आत वाशीम गाठलं.

दिवाळीच्या सुमारास चंद्रभान धापा टाकत करीमभाईच्या दुकानात आला. डोळ्यांत पाणी. अकोल्याहून हुकूम आला होता आणि पटवाऱ्याने त्याला तो अर्धाच समजावला होता. मी पूर्ण वाचून दाखवला. खुराकी पुन्हा पूर्ण सुरू. इथपर्यंत छान. पुढे असं होतं की, सदर गावी सरकारी दोन वळू असल्याचे दाखल्यावरून दिसते. नियमाप्रमाणे एका गावी एकच ठेवता येतो. तरी दोनपैकी एक डॉक्टरांकडून खच्ची करून घ्यावा. कोणता, हे गावाने ठरवावे. ओव्हरसियर गोडबोले यांनी जातीने हजर राहावे.

करीमभाईच्या हातातून कप निसटला.

"गुरुजी, माह्या डिपटीले कापतीन काय हो?" चंद्रभान रडत होता. त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. "माही जोडी राहूनच जाईन!"

"अरे बाबा," मी म्हणालो, "दोनपैकी एक आहे. गावाने ठरवायचंय."

"दुसरा कोनता पन?"

करीमभाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टोपीवाला, चंदू."

चंद्रभानचं रडं थांबलं.

गाव चावडीत बसलं. पाटील अध्यक्ष. चर्चा झाली नाही, मतभेद झाला नाही. पंचांनी एकमताने नाव कळवलं.

ठरल्या दिवशी डॉक्टर चिमटा घेऊन स्टेशनवर उतरले आणि दमणीने गावाकडे गेले. गोडबोले साहेबांनाही हजर राहण्याची सक्त ताकीद होती. ते गेले, इतकं मी पाहिलं. गावात मला पाटलांनी येऊ दिलं नाही. "जावईबुवा, आज सासुरवाडीले सुतक हाय," म्हणाले. कोणाचं, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर परतीच्या गाडीआधी करीमभाईकडे आले. मी विचारलं, "काय डॉक्टर, काम?"

"झालं."

"कोणाचं?"

डॉक्टर चहा प्यायले. बशीतलाही प्यायले. आणि उठून गाडीला गेले.

डिपटी पुढे बरीच वर्षं त्याच गोठ्यात होता. गोडबोले साहेबांची बदली झाली, कुठे ते खात्याने कळवलं नाही. मागच्या पोळ्याला चंद्रभान स्वतःची जोडी घेऊन तोरणाखालून गेला. दोन्ही बैल डिपटीचे, आणि दोन्ही त्या हुकुमानंतर दोन पावसाळे उलटून जन्मलेले. चिमटा त्या दिवशी वापरला होता, हे कंपाउंडर देवाची शपथ घेऊन सांगतो.

कोणावर, हे मी तीनदा छापून विचारलं आहे. शेतकी खात्याचं उत्तर अजून यायचं आहे.